ज्याची बोट, त्याचा पाना

"काय हो वहिनी, लेक एवढी शिकली आणि आता बोटीला मोटर बसवत बसली का?"

गेल्या उन्हाळ्यापासून हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत चार जणांनी विचारला आहे. धाकट्या दिरांनी फोनवर विचारला. नणंदेने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांची माळ लावून विचारला. भाच्याने "मावशी, तिकडे माणसं मिळत नाहीत का?" असा काळजीच्या सुरात विचारला. आणि चौथ्या माझ्या जुन्या सहकारी बाई, ज्यांच्याबरोबर मी सव्वीस वर्षं स्टाफरूममध्ये चहा प्यायले. फोनवर भांडायचं म्हणजे या वयात दम लागतो. लिहायला तेवढा लागत नाही. म्हणून चौघांनाही एकदमच उत्तर देते. राग मानू नये, आणि मानलाच तर निदान शेवटपर्यंत वाचून मग मानावा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मासे धरायच्या छोट्या बोटीवर नवी ट्रोलिंग मोटर लावायची असेल, तर ती बोटीच्या मालकाने स्वतःच्या हातांनी लावावी. पैसे वाचतात म्हणून नव्हे, हौस म्हणूनही नव्हे. मुलाबाळांना घेऊन त्या बोटीतून पाण्यावर जाणार तो मालक, मोटर बसवून देणारा कारागीर नव्हे, म्हणून.

आता ट्रोलिंग मोटर म्हणजे काय हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसणार. लेक मिनेसोटात राहते. त्या राज्याच्या गाड्यांच्या पाट्यांवर "दहा हजार तळी" असं लिहिलेलं असतं, आणि तो चक्क विनय आहे. दहा एकरांहून मोठी तळीच तिथे ११,८४२ आहेत. उन्हाळा आला की निम्मं गाव पाण्यावर. बोटीच्या मागे पेट्रोलचं इंजिन असतं, ते तळ्यात लांबवर जायला. पण मासे धरताना ते घरघरणारं इंजिन चालवून कसं भागेल? म्हणून बोटीच्या पुढच्या किंवा मागच्या टोकाला बॅटरीवर चालणारी एक लहान मोटर लावतात. एक दांडा, त्याच्या खालच्या टोकाला पाण्यात बुडालेली मोटर आणि पंखा. ती बोटीला अगदी हळूहळू, आवाज न करता ढकलते आणि वारा असला तरी हव्या त्या जागी धरून ठेवते.

ही मोटर जन्माला कशी आली ते ऐका. १९३४ साली नॉर्थ डाकोटातल्या फार्गो गावच्या ओ. जी. श्मिट नावाच्या गृहस्थाने फोर्डच्या मॉडेल ए गाडीची स्टार्टर मोटर घेतली, तिला दांडा आणि पंखा जोडला आणि बोटीला लावली. त्यातून पुढे मिन कोटा ही कंपनी उभी राहिली. मिनेसोटा आणि नॉर्थ डाकोटा या दोन राज्यांच्या नावांचे तुकडे जोडून तिचं नाव केलं. म्हणजे जी वस्तू मुळात एका माणसाने गाडीचा भाग घेऊन जुळवली, ती नुसती बसवणंसुद्धा आता शिकलेल्या माणसाला कमीपणाचं वाटायला लागलं आहे!

(मासे धरावेत का, खावेत का, हा वाद आज नको. त्यावर घरातच दोन पक्ष आहेत.)

लेकीची बोट सोळा फुटी, अल्युमिनियमची, जुनी घेतलेली. तिच्यावर आधीच्या मालकाने दुकानातून बसवून घेतलेली एक मोटर होती. ती चालायची, पण जोर नव्हता, आणि पूर्ण वेगात लावली की तार हाताला गरम लागायची. शेवटी ती बंदच पडली. नव्या मोटरीची चौकशी केली तेव्हा दुकानदाराने बसवण्याची घसघशीत मजुरी सांगितली, वर "तीन आठवडे थांबा". तिथला उन्हाळा केवढासा, त्यातले तीन आठवडे म्हणजे थट्टा नाही. लेक म्हणाली, मीच लावते.

जुनी मोटर काढली तेव्हा काय दिसलं ते दिरांनी नीट वाचावं. बॅटरी मागे, मोटर पुढे, मध्ये पंधरा फूट अंतर. एवढ्या अंतरात दहा नंबरची तार टाकलेली. अमेरिकेत तारेचा नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. आणि त्या तारेवर ब्रेकर किंवा फ्यूज, काही म्हणजे काहीच नव्हतं!

मी बी. ए. मराठी माध्यमातून केलेली, जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेला. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण हिशेब नातवाने कागदावर मांडून दाखवला तो मला समजला, म्हणजे कुणालाही समजेल. दहा नंबरच्या तांब्याच्या तारेचा विरोध हजार फुटांना साधारण एक ओहम. वीज जाऊन परत यायची म्हणून पंधरा फुटांचे तीस फूट धरायचे. म्हणजे ०.०३ ओहम. मोटर पूर्ण जोरात ५० अँपिअर ओढते. गुणाकार केला की दीड व्होल्ट. बारा व्होल्टच्या बॅटरीतले दीड व्होल्ट वाटेतच गळाले! आणि दीड गुणिले पन्नास म्हणजे ७५ वॅट. आपला छताचा पंखा जेवढी वीज खातो तेवढी वीज नुसती तार तापवायला खर्च होत होती. जाड, चार नंबरची तार घातली तर तिचा विरोध साधारण चौथा हिस्सा, आणि गळती ०.४ व्होल्टच्याही आत.

ब्रेकर नसणं तर त्याहून वाईट. ब्रेकर मोटर वाचवायला असतो असा आपला समज असतो. तो मुळात तार वाचवायला असतो. कुठे तार घासून उघडी पडली आणि शॉर्ट झाली, तर बॅटरी एका क्षणात शेकडो अँपिअर ओतू शकते. तार लाल होते, वरचं प्लॅस्टिक पेटतं. तुम्ही तळ्याच्या मध्यावर, बोटीत पेट्रोलची टाकी, आणि अकरा वर्षांचा मुलगा लाइफ जॅकेट घालून बसलेला. मिनेसोटात मिल लॅक्स नावाचं एक प्रचंड तळं आहे. पसरलेलं खूप, पण खोली बेताची, त्यामुळे वारा सुटला की बघता बघता लाटा उठतात. तिथे बोट अडकली तर बोलवायला कोपऱ्यावर गॅरेज नसतं.

आता सांगा, ही बारीक तार कुणी टाकली? पैसे घेऊन काम करणाऱ्या माणसाने. तो दुष्ट होता असं मी म्हणत नाही. त्याला दुपारपर्यंत आणखी दोन बोटी उरकायच्या असतील, आणि बारीक तार हाताशी असेल. मोटर फिरली, गिऱ्हाईक खूश, काम संपलं. त्या बोटीतून तो कधी तळ्यात जाणार नव्हता. आपल्याकडे बोटीच्या मालकाला नाखवा म्हणतात. समुद्रावर जाणारा नाखवा आपल्या बोटीची एकेक फळी ओळखून असतो, कारण फुटली तर त्याच्याच पायाखाली फुटणार.

लेकीने काय केलं ते थोडक्यात सांगते. आधी मोटर किती जोराची हवी ते पाहिलं. साधा आडाखा असा की बोट, माणसं, सामान मिळून दर शंभर पौंड वजनाला दोन पौंड रेटा. हिशेबाने तीस पौंड पुरले असते. वाऱ्याचा विचार करून तिने पंचावन्न पौंडांची घेतली, जी एका बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते. ऐंशी पौंडांची घेतली तर दोन बॅटऱ्या लागतात, वजन वाढतं. मग दांड्याची लांबी. पुढच्या टोकापासून पाण्याच्या पातळीपर्यंत मोजायचं आणि वर आणखी फूटभर तरी धरायचं, नाहीतर लाटेत पंखा हवेत फिरतो.

मग भोकं पाडायची वेळ. त्याआधी तिने अर्धा तास नुसतं पुढच्या फळीच्या खाली टॉर्च मारून पाहिलं. टॉर्च मी धरला होता, एवढंच माझं योगदान. खाली कुठली तार जाते, कुठे आधाराची पट्टी आहे, नट आवळायला हात पोचेल का. भोक एकदा पडलं की पडलं. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, खाली मोठे वायसर, सैल न होणारे नट. स्टील आणि अल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना फार काळ सुखाने नांदू देत नाहीत, म्हणून मध्ये नायलॉनचे वायसर. प्रत्येक भोकात पाणी रोखणारा लांबीसारखा लगदा.

तारा शेवटी. चार नंबरची तार, दोन्ही टोकांना तांब्याचे लग पक्के दाबून बसवलेले, जिथे कडेला घासेल तिथे रबराची नळी. साठ अँपिअरचा ब्रेकर बॅटरीपासून बहात्तर इंचांच्या आत. हे माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं. गाडीत ऋण टोक गाडीच्या पत्र्यालाच जोडतात, अल्युमिनियमच्या बोटीत तसं करायचं नाही, दोन्ही तारा वेगळ्या न्यायच्या; नाहीतर भटका प्रवाह बोटीचा पत्रा खाऊ लागतो. बॅटरीसुद्धा गाडीची नाही. गाडीची बॅटरी क्षणभर जोर लावायला बनवलेली असते; तासन्‌तास वीज पुरवायची तर खोलवर उतरणारी वेगळी बॅटरी लागते.

आणि नणंदबाई, तुम्ही तो फोटो पाहून विचारलंत ना, "हात मोकळे का गं तिचे?" बॅटरीपाशी पाना धरताना सोन्याची बांगडी, अंगठी, मंगळसूत्र, सगळं काढून ठेवायचं असतं. बारा व्होल्टने झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण धातूचा दागिना दोन टोकांमध्ये अडकला तर तो लालबुंद होतो आणि बोट कायमचं जाऊ शकतं. कामापुरते मोकळे हात ठेवणं यात अशुभ काही नाही. दहाही बोटं शाबूत राहणं याहून शुभ दुसरं काय असतं?

"जावई काय करत होते?" हाही एक प्रश्न आला. जावई स्वयंपाक करत होते. भाजी किंचित तिखट झाली होती, बाकी तक्रार नाही.

आता भाच्याचा मुद्दा. "माणसाला बोलवलं तर त्यालाही रोजगार मिळतो ना मावशी." मुद्दा ऐकायला गोड आहे. पण आपण माणूस बोलावतो तो त्याच्या रोजगाराच्या काळजीने? मग त्याच्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस का करतो? त्याला चहा वेगळ्या कपात का देतो? आपल्याकडे हात काळे करणारे वेगळे आणि वह्या काळ्या करणारे वेगळे, ही वाटणी फार जुनी आहे. ती कुणी केली आणि कुणाच्या सोयीची होती, हे इतिहासाच्या बाईने सांगायला नको. माणसं स्वस्त आहेत म्हणून आपण शिकलो नाही, आणि शिकलो नाही म्हणून त्यांच्या कामाची किंमत आपल्याला कधी कळली नाही. ज्याने स्वतः फळीखाली वाकून, मान अवघडवून एक नट आवळलेला आहे, तो पुढच्या वेळी कारागिराला पैसे देताना कुरकुरत नाही. मी तरी कुरकुरणार नाही, आणि मी फक्त टॉर्च धरला होता.

जे काम आपलं नाही ते ओळखणंही यातच आलं. बॅटरी चार्ज करायला गॅरेजमध्ये नवा प्लग हवा होता. तिथे लेकीने परवाना असलेला इलेक्ट्रिशियन बोलावला आणि त्याला हवे तेवढे पैसे मुकाट्याने दिले. घराच्या विजेला हात लावायचा नाही, हे तिला कळत होतं. सगळं मीच करीन म्हणणारा आणि काहीच करणार नाही म्हणणारा, दोघेही मला सारखेच वाटतात. दोघांनीही पुस्तक वाचलेलं नसतं.

पुस्तकाचं आलं म्हणून सांगते. मोटरीबरोबर आलेलं माहितीपुस्तक लेकीने दोन संध्याकाळी बसून वाचलं. पेन्सिलने खुणा केल्या. जिथे "आधी हे, नंतर ते" होतं तिथे आकडे घातले. माझ्या सहकारी बाईंना आठवत असेल, आपण आकलनाचे प्रश्न घालायचो: उतारा वाचा आणि खालील प्रश्नांची उत्तरे लिहा. मुलं उताऱ्यातलंच वाक्य उचलून लिहायची आणि आपण गुण द्यायचो. खरं आकलन हे होतं. उताऱ्यात बहात्तर इंच म्हटलं असेल तर टेप घेऊन मोजायचं, आणि उत्तर चुकलं तर गुण जात नाहीत, बोट जळते. चाळीस वर्षं लोक मला "भाषेचा उपयोग काय हो बाई" असं विचारत आले. घ्या, हा उपयोग.

आणि शिकलेल्या मुलीने हे करावं का, असं विचारणाऱ्यांनी आपलंच शिक्षण जरा आठवावं. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, हाताच्या कामातून शिक्षण. पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला. वेळापत्रकात तो तास आलाही. पण गणिताचा पोर्शन मागे पडला की बळी जायचा तो त्याच तासाचा. वर्षाअखेरीला पालक बाजारातून तयार वस्तू आणून मुलाच्या हातात द्यायचे आणि शाळा तिच्यावर "अ" श्रेणी लिहायची. आयोगाने सांगितलं होतं काय, आणि आपण सगळ्यांनी मिळून त्याचं केलं काय! याच महाराष्ट्राला लक्ष्मणराव किर्लोस्करांचं केवढं कौतुक. त्यांची सुरुवात १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानातून झाली, हेही भाषणात टाळ्यांसाठी सांगतो. घरातल्या मुलीने पाना हातात घेतला की मात्र "मेकॅनिक झाली का?"

एक खरी अडचण आहे, ती मान्य करायला हवी. हल्लीच्या मोटरी उपग्रहावरून आपली जागा ओळखून बोट तिथेच धरून ठेवतात. त्यांच्या पोटात सर्किटं असतात, ती उघडायची सोय नसते. हळूहळू सगळ्याच वस्तू अशा बंद डब्यासारख्या होत चालल्या आहेत. यावर मिनेसोटाने २०२३ साली कायदा केला, तो १ जुलै २०२४ पासून लागू झाला. इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्यांनी सुटे भाग, साधनं आणि माहिती गिऱ्हाइकाला आणि बाहेरच्या दुरुस्तीवाल्यालाही द्यावी, असा तो कायदा आहे. मोटारगाड्या, शेतीची यंत्रं असे बरेच अपवाद त्यात ठेवले आहेत, पण सुरुवात तर झाली. मात्र हक्क मिळून उपयोग काय, जर झाकण उघडायचीच आपल्याला लाज वाटत असेल?

मोटर चालते का, असं अजून कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते. उत्तम चालते. तार गरम होत नाही. नातू आता दर फेरीनंतर पंखा काढून मागे मासेमारीचा दोरा गुंडाळला गेला आहे का ते बघतो, कारण तो आत शिरला तर पाणी रोखणारं सील कापतो. दगडावर आपटून पंख्याची पिन तुटली तर ती बदलायची कशी हे त्याला येतं. जादा पिन आणि पाना बोटीतच एका डबीत असतो. अकरा वर्षांचं पोर तळ्याच्या मध्यावर घाबरून रडण्याऐवजी डबी उघडतं, हे मला तरी पदवीच्या तोडीचं वाटतं.

आपल्यापैकी फार थोड्यांकडे बोट आहे. पण इन्व्हर्टर पुष्कळांकडे आहे, आणि त्याखाली तशीच शिशाची बॅटरी आहे. तिच्यात पाणी कोण घालतं? किती जणांना झाकणावरच्या तरंगत्या खुणा लाल-हिरव्या कशाला असतात हे ठाऊक आहे? तर दीर, नणंदबाई, भाचेमहाशय आणि माझ्या चहाच्या सोबतीण, एवढं करा. या रविवारी इन्व्हर्टर बंद करून ती पातळी बघा. डोळ्यांना चष्मा असू द्या, खिडकी उघडी ठेवा, जवळ उदबत्ती किंवा काडी पेटवू नका, कारण चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. घालायचं ते डिस्टिल्ड पाणीच, नळाचं नाही. अंगठी काढून ठेवा.

आणि मग मला फोन करा. तेव्हा भांडायला मी तयार आहे, दम लागला तरी चालेल.